झाड लावल्यानंतरची तीन वर्षे

एप्रिल महिन्याच्या चौदा तारखेला आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांच्या प्रांगणात आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त वृक्षारोपण होते. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते रोप खड्ड्यात ठेवले जाते, तांब्याभर पाणी घातले जाते, छायाचित्र निघते आणि मंडळी सभामंडपाकडे वळतात. या कार्यक्रमामागील हेतू निर्मळच असतो. परंतु मराठवाड्यात हा काळ भर उन्हाळ्याचा. पारा चाळीस अंशांच्या आसपास, जमीन तापलेली, पाऊस दोन महिने दूर आणि रोपाची मुळे जेमतेम प्लॅस्टिकच्या पिशवीएवढी. त्या दोन महिन्यांत ज्या रोपाला कोणी वाली नसतो ते बहुधा बुद्धपौर्णिमाही पाहत नाही. पुढच्या जयंतीला त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते.

हे लिहिताना कोणाला बोल लावण्याचा हेतू नाही; असे खड्डे प्रस्तुत लेखकानेही भरले आहेत. आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज छत्रपती संभाजीनगर, पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई अशा शहरांत स्थिरावले आहेत. लासूर स्टेशनच्या फलाटावरून गाडीत बसताना शेत आणि शिवनेचा काठ मागे राहिला, तरी झाडाशी असलेले नाते तुटायला नको, असे अनेकांना वाटते. सुट्टीच्या दिवशी दोन तास आपल्या गल्लीतील किंवा जवळच्या उद्यानातील झाडांसाठी द्यावेत, अशी इच्छा असणारेही पुष्कळ आहेत. मात्र नेमके काय करावे आणि काय करू नये, याची माहिती सहजी मिळत नाही. ती येथे देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम लावणे आणि जगवणे यांतील अंतर पाहू. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा देशभर रूढ केली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. या मोहिमेतील खर्चाची व जगलेल्या झाडांची चौकशी करण्यासाठी पुढे विधिमंडळाची समिती नेमावी लागली. आकडा लावलेल्या रोपांचा सांगितला जातो; तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभ्या असलेल्या झाडांचा सांगितला जात नाही. लावणाऱ्यांची गर्दी आणि जपणाऱ्यांची वाण, ही अवस्था गावात आहे तशीच शहरातही आहे. फरक इतकाच की शहरात प्रत्येकाला वाटते, हे काम उद्यान विभागाचे.

वसतिगृहात राहिलेल्यांना जपणे म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मोरीचे पाणी चर काढून झाडाच्या आळ्यात सोडायचे, सुट्टीला घरी जाताना आपले झाड मित्राच्या स्वाधीन करायचे, परत आल्यावर बॅग ठेवण्याआधी त्याच्याकडे एक फेरी मारायची, हे संस्कार ज्या वयात झाले त्या वयात ते संस्कार आहेत असे वाटलेही नव्हते. पाणी कमी पडे तेव्हा तर ती शिक्षाच वाटे!

झाडाची पहिली तीन वर्षे निर्णायक का असतात? रोपवाटिकेतील रोपाची मुळे पिशवीत गोल फिरलेली असतात. जमिनीत लावल्यावर ती बाहेरच्या मातीत शिरून स्वतःचे पाणी शोधू लागेपर्यंत रोप पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असते. म्हणून पिशवी काढताना गोल फिरलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत. खड्डा साधारण दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. खोड आणि मूळ जेथे मिळतात तो भाग मातीखाली गाडू नये. तो गाडला गेला की साल कुजते आणि वर्ष-दोन वर्षांनी झाड उगाचच गेले असे वाटते.

पाण्याचे प्रमाण ही सर्वांत अधिक चुकणारी बाब. रोज तांब्याभर पाणी घालणारा मनुष्य कष्टाळू खरा; पण ते पाणी वरची दोन बोटे माती ओली करून उडून जाते. मुळेही मग ओलीच्या ओढीने वरवरच राहतात आणि पहिल्या दुर्लक्षाबरोबर झाड मान टाकते. त्यापेक्षा पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरलेली एक बादली, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी दिले, तर मुळे खोल जातात. मुरमाड जमीन पाणी धरत नाही, तेथे थोडे थोडे पण लवकर द्यावे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीची अडचण निराळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि त्या भेगा कोवळी मुळे तोडतात. यावर उपाय आच्छादनाचा: आळ्यात वाळलेला पालापाचोळा, गवत किंवा उसाचे पाचट चार बोटे जाडीचे पसरावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात वात बसवलेले मडके रोपाशेजारी गाडले आणि भरून झाकून ठेवले, तर पाणी दिवसेंदिवस झिरपत राहते. गावी जाणाऱ्यांसाठी याहून सोपी सोय नाही.

पाणी आणायचे कोठून, हा शहरातला खरा प्रश्न आहे. संभाजीनगरला पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते आणि नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. पिण्याच्या पाण्यासाठी हंडे मांडणाऱ्या गल्लीत झाडाला बादली ओतणे लोकांना रुचत नाही आणि त्यांचे ते चूकही म्हणता येत नाही. म्हणून तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी साठवावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते एकटे सतत दिल्यास माती बिघडते, तेव्हा दुसऱ्या पाण्यात मिसळूनच वापरावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी रोपाला देऊ नये.

येथे मनात आलेला एक विचार मांडतो. आपल्या धम्माचे पंचांग आणि झाडाचे पंचांग यांचा मेळ मोठा विलक्षण आहे. वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो. पावसाळ्यात भिक्खूंच्या फिरण्याने कोवळे गवत तुडवले जाते, अशी तक्रार लोकांनी केली आणि त्यावरून भगवान बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. हाच काळ आपल्या भागात रोप लावण्यास सर्वांत योग्य, कारण जमीन आतपर्यंत भिजलेली असते आणि आकाश ढगाळ असते. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हा पाऊसही परततो; आळी नीट करून आच्छादन पसरावे ते याच सुमारास. माघ पौर्णिमेपासून ऊन चढू लागते आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमा ही झाडासाठी सर्वांत कठीण पौर्णिमा. त्याखेरीज दर पंधरवड्यातील अष्टमी आणि पौर्णिमा किंवा अमावस्या हे उपोसथाचे दिवस साधारण आठ-आठ दिवसांनी येतात. दुसऱ्या उन्हाळ्यातील झाडाला इतक्याच अंतराने पाणी हवे असते. जयंतीला रोप लावण्याऐवजी मागील आषाढात लावलेल्या झाडाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दोन बादल्या पाणी घालण्याचा कार्यक्रम ठेवला तर? छायाचित्र तेवढेच चांगले येईल.

आपल्या परंपरेत झाड लावणे हे पुण्यकर्म मानले आहे, हे सर्वश्रुत आहे. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात उपवने व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी करणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, अशा आशयाचा उपदेश आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया उभ्या केल्या, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावल्या. हे त्याच्याच शिलालेखांत व स्तंभलेखांत कोरलेले आहे. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती श्रीलंकेतील अनुराधापूरची गोष्ट. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात थेरी संघमित्रेने बोधिवृक्षाची शाखा तेथे नेली. महावंस सांगतो की अशोकाने शाखेबरोबर तिची निगा राखण्यासाठी कुटुंबेही धाडली. म्हणजे जपणाऱ्यांची तजवीज झाडाच्या प्रवासातच केलेली होती. तो वृक्ष आजही उभा आहे, आणि लावल्याचा काळ ज्ञात असलेला, माणसाने लावलेला जगातील सर्वांत जुना वृक्ष म्हणून ओळखला जातो. बोधगया येथील जुना वृक्ष मात्र १८७६ मध्ये वादळात कोसळला. आजचा वृक्ष त्यानंतर, १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी लावला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाचे रोप भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणले, तेही अनुराधापूरहून.

आता मोठ्या झाडांकडे वळू. शहरातील स्वयंसेवकाला नव्या रोपांइतकेच, किंबहुना अधिक, काम उभ्या झाडांसाठी असते. त्यासाठी झाडाच्या शरीराची थोडी माहिती हवी. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या भागातून खाली मुळांकडे जाते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक अतिशय पातळ जिवंत थर असतो आणि झाडाची जाडी त्यातूनच वाढते. खोडाभोवती आवळलेली तार, दोरी किंवा विजेची माळ हा मार्गच दाबून टाकते. मुळे उपाशी राहतात आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच खालून खचू लागते. आमच्या गल्लीतील एक करंज असाच गेला. रोप वाकू नये म्हणून आम्हीच मोठ्या कौतुकाने त्याला तार बांधली होती आणि सोडायचे विसरलो. चौथ्या वर्षी ती तार सालीत पूर्ण बुडालेली होती. आधार द्यायचा तर सुती पट्टीने, सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारून द्यावा आणि वर्षभरात काढून घ्यावा. लोखंडी जाळीचेही तसेच. तिसऱ्या वर्षी ती काढावी किंवा रुंद करावी. झाडापेक्षा जाळी महाग असते, म्हणून ती काढून दुसऱ्या रोपाला वापरता येते, हे सांगितले की कार्यकर्ते अधिक उत्साहाने तयार होतात!

खिळ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण शिकवणी वर्ग, दवाखाने, भाड्याच्या खोल्या आणि आपल्या माणसांचे वाढदिवस या सर्वांच्या पाट्या झाडांवर ठोकलेल्या असतात. प्राण्याची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेच्या भोवती भिंत उभारून तिला वेगळे पाडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. आतली जखम आयुष्यभर तशीच राहते. एक खिळा झाड सोसते. तीस खिळ्यांतून पाणी व बुरशी आत शिरते आणि खोड पोकळ होऊ लागते. पुण्यातून सुरू झालेल्या ‘आंघोळीची गोळी’ या गटाने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली आणि तिचे अनुकरण राज्यात ठिकठिकाणी झाले. साधने अगदी साधी लागतात: पक्कड, कटावणी, लहान हातोडी, शिडी आणि काढलेले खिळे ठेवायला डबा. खिळा उपटताना कटावणीखाली लाकडाची चपटी पट्टी ठेवावी म्हणजे साल दबत नाही. जो खिळा पूर्ण गिळला गेला आहे तो खणून काढू नये. नव्या जखमेवर रंग, डांबर किंवा सिमेंट भरण्याची गरज नसते.

सिमेंटवरून आठवले. पदपथ करताना खोडापर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आणून भिडवले जातात. झाडाला पाणी आणि हवा शोषून देणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. वर फरशी आली की पाणी तर जातेच, हवाही जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागेतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या शहरात हे काम स्वतः पहार घेऊन करू नये; संबंधित विभागाला झाडांची यादी व छायाचित्रांसह अर्ज द्यावा. मोकळ्या झालेल्या जागेत पालापाचोळा घालावा, विटांचा कट्टा बांधू नये. खोडाशी मातीचा ढीग घालून केलेला कट्टा बसायला छान, पण झाडाला घातक असतो.

छाटणीबाबतही हीच मर्यादा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा आपल्या शहरांना लागू आहे. त्यात झाड तोडणे याच्या व्याख्येत जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश आहे. प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण असावे आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी, अशी त्यात तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. ही माहिती प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात असावी. रस्त्यावरील झाडाची फांदी परवानगीवाचून तोडणे हा सेवाभाव नव्हे, गुन्हा आहे. परवानगी घेऊन छाटणी होत असेल तेव्हा तेथे उभे राहून एवढेच पाहावे की फांदी तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापली जात आहे, खोडाशी सपाट तासली जात नाही किंवा मधेच खुंट ठेवला जात नाही. शेंडा छाटणे म्हणजे झाडाची उंची कमी करणे नव्हे. त्या जागी फुटणाऱ्या कमजोर फांद्याच पुढे वाऱ्यात तुटून पडतात. न्यूयॉर्कमध्ये नागरिकांना छाटणीचे प्रशिक्षण देऊन परवाना देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत पाहणे आणि विचारणे एवढेच आपल्या हाती आहे, पण तेही थोडे नाही.

मोजणे हीसुद्धा सेवाच आहे. मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेचा, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचा, मोठा कायापालट करण्याची योजना २००७ च्या सुमारास पुढे आली. तेव्हा काही नागरिक, प्रामुख्याने स्त्रिया, वही-पेन घेऊन बागेतील एकेक झाड ओळखत व मोजत फिरल्या. त्रेपन्न एकरांवरील २८६ जातींची ३,२१३ झाडे त्यांनी नोंदवली. त्या नोंदीमुळे बाग म्हणजे केवळ पिंजरे आणि बाके नव्हेत, हे लोकांसमोर व प्रशासनासमोर पुराव्यानिशी आले. न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या गणनेत २,२०० हून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने रस्त्यांवरील ६,६६,१३४ झाडांची नोंद झाली. आपल्या मराठवाड्यात बीडजवळ पालवण येथे फेब्रुवारी २०२० मध्ये सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने वृक्षसंमेलन भरवले, तेव्हा अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले होते. त्या गमतीतही एक मुद्दा होता: झाडाला नाव, वय आणि पत्ता मिळाला की त्याच्यासाठी भांडणारा मनुष्यही मिळतो. आपल्या गल्लीतील झाडांची वही करायला एक रविवार पुरतो. क्रमांक, जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, खिळे-तार-फरशी यांची नोंद आणि जवळच्या घराचे नाव. ही वही शाळकरी मुलांकडून करून घ्यावी. कडुनिंब, करंज, शिरीष, काशिद यांतला फरक मुले एका दिवसात शिकतात, मोठ्यांना वेळ लागतो.

वाळलेली पाने जाळणे थांबवणे, हे आणखी एक काम. बुंध्याशी केलेला जाळ साल भाजतो आणि धूर साऱ्या वस्तीला खावा लागतो. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने पाने नको असलेली घरे आणि पाने हवी असलेल्या बागा यांची गाठ घालून दिली. आपल्याकडे गच्चीवर कुंड्या ठेवणारे आणि अंगणातील पाने पेटवणारे अनेकदा शेजारी-शेजारीच राहतात.

शेवटी पिंपळाबद्दल. बोधिवृक्ष म्हणून विहाराशेजारी पिंपळ लावण्याची आपली इच्छा स्वाभाविक आहे. मात्र हा मोठा वृक्ष आहे. त्याची मुळे भिंती, गटारे आणि पाण्याच्या टाक्या उसवतात आणि मग काही वर्षांनी आपल्यालाच आपल्या बोधिवृक्षावर कुऱ्हाड चालवण्याची वेळ येते. तो इमारतीपासून निदान तीस-चाळीस फूट दूर, मोकळ्या मैदानात, तळ्याकाठी किंवा उद्यानाच्या कोपऱ्यात लावावा. संभाजीनगरात ‘नागसेनवन’ हे नाव बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला आहे आणि शहरातील मोठ्या उद्यानाला ‘सिद्धार्थ’ नाव आहे. वन आणि उद्यान या दोन्ही शब्दांना जागणारी जागा तेथे आहे. जागा लहान असेल तर विहाराजवळ आपटा, बहावा, कांचन, बकुळ अशी मध्यम उंचीची झाडे लावावीत.

आणि पिंपळाचे रोप विकत घेण्याची गरज नसते. पक्षी त्याची फळे खातात आणि विष्ठेतून पडलेले बी जुन्या भिंतींच्या व पुलांच्या फटीत रुजते. अशी रोपे तेथे वाढली तर भिंत जाते, उपटून टाकली तर रोप जाते. पावसाळ्यात भिंत ओली असताना बोटभर उंचीचे रोप मुळासकट अलगद सुटते. ते डब्यात शेणखत-मातीत लावून दोन पाने नवी फुटेपर्यंत सावलीत ठेवावे, वर्षभर वाढवावे आणि पुढील आषाढात त्याच्या कायमच्या जागी न्यावे. आषाढ पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आपल्या भागातील जुन्या भिंती एकदा नजरेखालून घालाव्यात. एक पक्कड, एक लाकडी चमचा आणि ओल्या गोणपाटाचा तुकडा सोबत असला की पुरे.